तुलनेचं झाड

सोमवार, ३ मार्च
घरून

चि. बारक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला. खोडत नाही, कागद खराब होतो.

इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला आहे तसाच आहे. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून आपलं झाड दाखवतात. मागच्या नळाचा वॉशर गेला होता, तो त्यांनी स्वतः बदलला. एक्याऐंशी वर्षांचा माणूस नळ दुरुस्त करतो आणि त्याचा अडतीस वर्षांचा मुलगा पाच महिने घरी फिरकत नाही, हे मी आपलं नोंदीसाठी लिहून ठेवते.

आता कामाचं.

तुझा अहवाल वाचला. तपासणीसाठी तो महापालिकेच्या प्रयोगशाळेत माझ्याच टेबलावर येणार हे तुला ठाऊक होतं, तरी तू खाली सही ठोकलीस, म्हणून धैर्याबद्दल आधी अभिनंदन. कागद गुळगुळीत. मुखपृष्ठावर तुतीचं पान आणि पानावर दवबिंदू. तुमच्या कारखान्याच्या रस्त्यावर खरंच दव पडलं तर पानाला भोक पडेल, पण ते असो.

फाटकापासून शाळेपर्यंत बासष्ट तुती आहेत. त्यांच्याबद्दल तू म्हणतोस की त्या 'सुदृढ व समाधानकारक' आहेत. समाधान नक्की कुणाचं? तुमच्या मॅनेजरचं असणार. मागच्या बैठकीत तो माणूस मला म्हणाला, "मॅडम, झाडं तर धूर खाऊनच वाढतात ना?" ते वाक्य त्याने विनोद म्हणून टाकलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. असल्या माणसासमोर तू रोज सकाळी 'येस सर' म्हणतोस.

तू पानं घेण्याच्या आठ दिवस आधी कारखान्याच्या टँकरने रस्त्यावरची झाडं धुऊन काढली. मला कसं कळलं म्हणून विचारू नकोस. रस्त्यावरचा पंक्चरवाला सांगत होता, "ताई, बासष्टच्या बासष्ट झाडांना अंघोळ घातली हो, आमच्या टपरीलासुद्धा घातली." पानाच्या पाठीला श्वास घ्यायला बारीक तोंडं असतात. भट्टीची काजळी ती बुजवते. धुतली की आठ-दहा दिवस ती उघडी राहतात, आणि नेमका तेवढ्यात तू पिशवी घेऊन हजर. त्यातही पानं घेतलीस ती शेंड्याची, कोवळी, जेमतेम पंधरा दिवस जगलेली. शेंड्यापासून पाचवं पान घ्यायचं, पुरतं वाढलेलं, हवा भरपूर खाल्लेलं, हे तुला मी शिकवलं. अंगणात उभं करून, बोटं धरून, मोजून दाखवलं. लोकांच्या तोंडाला पानं पुसायचीच होती, तर निदान पाचवी तरी घ्यायचीस.

आणि ते पान नंबर बाराचं वाक्य! 'क जीवनसत्त्वाचे प्रमाण तुलनेच्या झाडापेक्षा दीडपट आढळले, यावरून झाडांची प्रकृती अधिक उत्तम असल्याचे दिसते.' बारक्या, तू रसायनशास्त्र शिकलास की किराणा मालाच्या दुकानात बसलास? झाड ते द्रव्य हौसेने बनवत नाही. गंधकाचा धूर पानातल्या पाण्यात विरघळून आम्ल होतो, ते आम्ल पान आतून जाळायला लागतं, आणि जळू नये म्हणून झाड धडपडून ते द्रव्य तयार करतं. रोग्याचा ताप एकशे तीनवर गेला, तर तू घरच्यांना सांगशील की अंगात ऊब भरपूर आहे, काळजी नसावी.

तेच आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेतं. मग हिरवा रंग शेवाळी पडतो, शेवाळीचा मातकट होतो. मी परवा स्वतः जाऊन पाचवी पानं आणली, खलात वाटली, अ‍ॅसिटोनमध्ये गाळली. नळीत जे उतरलं त्याला हिरवं म्हणायला तुमच्या कारखान्याचा पगारच हवा.

तुझं सगळं मला ठाऊक आहे. घराचे हप्ते, मुलीची शाळा, तुझ्या बायकोचं ते 'इतकी चांगली नोकरी'. ऐकून कान किटले. अक्कल गहाण ठेवायला कारण प्रत्येकालाच सापडतं.

तर वीस तारखेला समितीची सुनावणी आहे. झाडं निरोगी ठरली, तर दुसऱ्या भट्टीला परवानगी मिळणार आणि दुसरं धुराडं शाळेच्या भिंतीपासून दोनशे पावलांवर उभं राहणार. त्याआधी तू अहवाल मागे घे. 'पानांच्या निवडीत चूक झाली' एवढं एका ओळीत लिहून दे. नाही दिलास, तर मी भर सभेत उभी राहीन आणि तुझी एकेक ओळ सोलून काढीन. भाऊ म्हणून एक स्वल्पविरामही सोडणार नाही.

तुझ्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं आहेस की बाकी सगळे आकडे 'महापालिकेच्या तक्त्यातील तुलनेच्या झाडाइतकेच' आले. तो मुद्दा मी या पत्रात घेत नाही. तुलनेचं झाड ते तुलनेचं झाड. त्यात तू डोकं घालू नकोस.

बाबांनी तुला आठवण केली आहे. का, ते त्यांनाच माहीत.

तुझी
ताई


गुरुवार, १३ मार्च
प्रयोगशाळा, दुसरा मजला

चि. बारक्यास,

तुझं उत्तर पोचलं. मोजून तीन ओळी. लहानपणीही तू असाच होतास, दिवसभर मार खायचास आणि शेवटी एकच चिमटा काढायचास, तोही असा की वळ आठवडाभर राहावा.

'अहवाल मागे घेतो. पण आधी तू तुझी ओळ मागे घे. बाबा त्या दिवशी पायरीवर काय म्हणाले होते, ते मला आठवतंय. तुला?'

चार दिवस मी याचं उत्तर मनातल्या मनात लिहिते आहे. पहिल्या दिवशी लिहिलं की हा विषय काढायची तुझी लायकी नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं की कारखान्याच्या वकिलाने तुला पढवलं असणार. तिसऱ्या दिवशी मी संचालकसाहेबांच्या खोलीत बसले होते. भिंतीवर माझा तक्ता काचेत लावलेला आहे, पहिल्या ओळीत तुलनेच्या झाडाचे आकडे. साहेब कुणा पाहुण्याला सांगत होते, "ही पहिली ओळ म्हणजे आमच्या शहराचा मानदंड." साहेबांना पानाचं पोट कुठलं आणि पाठ कुठली हे आजही सांगता यायचं नाही. मी नेहमीसारखं हसले. आणि मला एकदम आठवलं की गेली एकोणीस वर्षं प्रत्येक कारखान्याच्या अहवालात 'तुलनेच्या झाडाइतकेच' हेच शब्द येतात. रंगाचा कारखाना असो, खताचा असो, बॅटरीचा असो. दर वेळी मी कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, काय लबाड लोक आहेत.

ते लबाड आहेतच. पण त्यांना तराजू मी दिला आहे.

तुला माहीत आहे, तरी लिहिते. कुठेतरी माझ्या अक्षरात ते असायला हवं. तुलनेचं झाड म्हणजे आपल्या अंगणातली तुती. मी नोकरीला नवीन होते, अठ्ठावीस वर्षांची. स्वच्छ हवेतलं एक झाड हवं होतं, म्हणजे बाकी सगळी झाडं त्याच्याशी ताडून बघता येतील. आपलं घर टेकडीवर, कारखान्यांकडचा वारा इकडे येत नाही. हवा खरंच स्वच्छ होती, ती मी तीन महिने मोजली होती. मागच्या शेडमधल्या बाबांच्या टाक्या मात्र मी मोजल्या नाहीत. सायकलींचे हँडल, नळाच्या तोट्या, चमचे, सगळ्यावर निकेल आणि क्रोम चढवून ते आपल्याला शिकवत होते, आणि टाक्या धुतलेलं पाणी पंचवीस वर्षं त्या झाडाच्या मुळाशी जात होतं.

पानं पहिल्यांदा तोडली त्या दिवशी तेव्हाचे मोठे साहेब झाड बघायला घरी आले होते. तू फाटकात सायकल पुसत होतास. बाबा पायरीवर बसले होते, हातात रबरी मोजे. मी फांदी वाकवली तेव्हा ते म्हणाले, "याची पानं नको नेऊस गं. याच्या मुळाशी माझं पाणी जातं. दुसरं बघ एखादं."

आणि मी जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. साहेबांसमोर. "बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही."

साहेब हसले. मीही हसले. तू हसला नव्हतास, हे मला आजही आठवतं, आणि त्याबद्दल माझा तुझ्यावर इतकी वर्षं राग आहे.

पुढचं तूच जास्त जाणतोस. त्या दिवसापासून बाबांनी झाडाच्या मुळाशी पाणी टाकणं बंद केलं. बादल्या भरून पार कोपऱ्यावरच्या गटारापर्यंत न्यायचे, त्यातल्या निम्म्या तू वाहिल्यास. मला वाटलं, म्हातारपणी चालायचा व्यायाम करतात. आणि झाडाभोवती त्यांनी कठडा बसवला, नळ्यांना स्वतः क्रोम चढवून. सरकारचं झाड झालंय, म्हणाले, गाईगुरं खातील. माझं झाड म्हणून कौतुक चाललंय असं समजून मी तेही मिरवलं. मातीत जे मुरलं होतं ते मुरलेलंच राहिलं.

पहिल्याच वर्षी प्रोलिन तपासलं. झाड हाल सोसत असलं की पानात प्रोलिन साठतं, आणि तपासताना नळीत लाल रंग येतो. आपल्या तुतीचा रंग कुंकवासारखा लाल आला. मी लिहिलं, 'तुतीमध्ये हे स्वभावतःच जास्त असते.' कुठल्या पुस्तकात वाचलं होतं? कुठल्याच नाही. आज ते वाक्य चार पुस्तिकांत आहे, माझ्या नावाने. मूर्ख लोक ते उतरवून घेतात म्हणून मी त्यांना हसतही असते.

आणि अकरा वर्षांपूर्वी धातू मोजायचं नवं यंत्र आलं. चालतं की नाही हे बघायला काहीतरी स्वच्छ घालावं म्हणून मी घरचंच पान घातलं. निकेलचा काटा सर्रकन वर गेला. क्रोमचाही. मी वहीत लिहिलं, 'यंत्र नादुरुस्त.' मेकॅनिकला बोलावलं. तो दोन तास खटपट करून म्हणाला, "बाई, यंत्र एकदम ठीक आहे. तुमचं पानच तपासा." मी त्याची लेखी तक्रार केली. त्याची बदली झाली.

हे वाचून तुला बरं वाटत असेल. वाटू दे. तुझं पाप पंधरा दिवसांचं आहे, कोवळ्या पानांएवढं. माझं एकोणीस वर्षांचं, चांगलं पुरतं वाढलेलं. मागच्या पत्रात तुझ्यावर जे जे फेकलं ते परत वाचलं. अक्कल, पगार, येस सर. एकही ओळ तुझ्यासाठी जास्त नाही, पण सगळ्याच्या सगळ्या मलाही बसतात, आणि मला जरा घट्टच बसतात.

मी स्वतःला सांगत आले की बाबांसाठी गप्प आहे. आपलं झाड तक्त्यात आहे याचा त्यांना केवढा अभिमान! त्यांना कसं सांगायचं की पहिली ओळ खोटी आहे, आणि ती तुमच्याच पाण्याने खोटी झाली? किती छान कारण होतं. खरं असं आहे की सांगायला गेले असते, तर आधी म्हणावं लागलं असतं, बाबा, तुम्ही तेव्हाच बजावलं होतं. आठवतं, ते आपल्याला गंमत दाखवायचे? नाकाच्या एका भोकातून दोरा घालून दुसऱ्यातून बाहेर काढायचे, आणि आपण दोघं टाळ्या पिटायचो. टाकीच्या वाफेने नाकातला पडदा झडून गेला होता. रसायनशास्त्राची पदवी हातात आल्यावरसुद्धा मी एकदा तो दोरा ओढून दाखवा म्हणून त्यांच्या मागे लागले होते.

वीस तारखेला तू तुझं कर किंवा करू नकोस. मी आधी उभी राहणार आहे.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

ताई


शनिवार, २२ मार्च
घरून

प्रिय बारक्या,

सभागृहात तू त्यांच्या बाजूच्या बाकावर बसला होतास, म्हणून नीट बोलणं झालं नाही. टाय तुला शोभत नाही. बाकी लिहिते.

मी उठले तेव्हा संचालकसाहेब शेजारून कुजबुजले, "बाई, बसा. तुमची बोलायची वेळ नाही." अकरा वर्षं झाली माझी बोलायची वेळ येऊन, असं काहीतरी मी म्हणाले. पुढचं तू ऐकलंसच. झाडाचा पत्ता सांगताना माझा आवाज चिरकला, त्याबद्दल तू कधी काही बोलू नयेस अशी विनंती आहे. त्यानंतर लगेच तू उठलास आणि 'पानं कोवळी होती, झाडं धुतलेली होती, अहवाल मागे घेतो' म्हणालास. मॅनेजर तुझ्याकडे असा बघत होता की जणू खुर्चीच बोलायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझा हेवा वाटला. तुझ्या चुकीला एक वाक्य पुरलं.

निकाल तुलाही कळला असेल. दुसरी भट्टी वर्षभर थांबली. शहराबाहेर चाळीस किलोमीटरवर नवं झाड शोधायचं, आणि तोपर्यंत कुणाच्याच अहवालाला किंमत नाही. मला सोमवारपासून दप्तरखान्यात बसायचं आहे. साहेबांनी काचेतला तक्ता काढला. मागच्या भिंतीला चौकोनी पांढरा डाग राहिला आहे, खोलीत तेवढीच जागा स्वच्छ दिसते. तुझ्या नोकरीचं काय झालं ते लिही. खरं लिही.

संध्याकाळी बाबांना सांगायला गेले. ते कठडा पुसत होते. मी पायरीवर बसले, तिथेच, आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही बरोबर होता."

"कशाबद्दल?"

मी सगळं सांगितलं. पाणी, पानं, साहेब, आणि मी काय बोलले तेही, शब्दाला शब्द. ते रागावतील, निदान दुखावतील, याची मी पुरी तयारी करून गेले होते. त्यांनी फडकं घडी करून मांडीवर ठेवलं.

"म्हटलं असेन मी तसं," ते म्हणाले. "पण तू नाही म्हणालीस ना? मग मला वाटलं, आधीच्या पाण्याने नसेल झालं काही. तू एवढी शिकलेली. मला कुठं त्यातलं काही कळतं, पोरी."

टोमणा नव्हता रे. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. ते अगदी मनापासून म्हणाले आणि परत कठडा पुसायला लागले.

मंगळवारी महापालिकेची माणसं माती उकरायला येणार आहेत. झाड बहुतेक राहणार नाही. आदल्या दिवशी ये. बाबांना हे एकटीने सांगणं माझ्याने होणार नाही.

तुझी,
ज्या पायरीवर ते बसले होते तिथेच बसून हे लिहिणारी,
ताई